घोरपडीचं नाक

दादाचा सगळा जन्म हवेला वाट करून देण्यात गेला होता. मोठ्या इमारतींच्या छताआडून थंड हवा फिरवणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे असतात, ते तो बनवायचा. पत्रा आखायचा, कापायचा, वाकवायचा, कडेत कड अडकवून ठोकायची, की डक्ट तयार. तीस वर्षं हेच काम. त्याच्या हातचा सांधा हवा सोडत नाही, असं साइटवरचे तिरसट इंजिनियरसुद्धा म्हणायचे. म्हणून त्याच्या हातून जे झालं ते दुसऱ्या कुणाबद्दल त्याला सांगितलं असतं, तर त्याचा विश्वास बसला नसता.

घरामागे त्याची शेड होती. तिथे सुट्टीच्या दिवशी, चार वर्षं खपून, त्याने आणि त्याच्या मेव्हण्याने एक गाडी उभी केली होती. मेव्हणा म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. दादा त्याला जावईबापू म्हणायचा, आधी थट्टेने आणि मग सवयीने. जावईबापू दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचे. जिभेला केसाएवढा उंचसखलपणा कळतो, त्यामुळे त्यांच्या बोटांनाही तेवढा कळायचा. शेडमध्ये ते कानस हातात घ्यायचे तेव्हा दादाची बायको म्हणायची, "आता गाडीला दाढा बसवणार वाटतं."

गाडी म्हणजे एका जुन्या छोट्या मोटारीचा सांगाडा, अपघातात चेपलेल्या दुसऱ्या मोटारीचं इंजिन आणि आत दादाने पाइप वाकवून केलेला पिंजरा. गाद्या, काचेची हँडलं, मागची सीट, सगळं काढून टाकलेलं. रस्त्यावर आणायची परवानगी नव्हती आणि आणायचीही नव्हती. गावाबाहेर एक बंद पडलेली धावपट्टी होती. महिन्यातून एक रविवार ती हौशी लोकांना मिळायची. ड्रम आणि जुने टायर रचून वळणं आखायची आणि ज्याने त्याने आपली गाडी पळवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही. घड्याळाशी काय ती स्पर्धा.

गाडीचं नाव घोरपड. ते धाकटीने ठेवलं. धाकटी म्हणजे दादाची बहीण, त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. शाळेच्या ऑफिसात कारकून होती. तिला कुणी ताई म्हणालं तर ती मागे वळून बघायची, इतकी ती जन्मभर धाकटी. "बुटकी, रुंद, जमिनीला धरून बसलेली. घोरपड नाही तर काय?" असं ती म्हणाली आणि बारसं झालं. शेडमध्ये ती नुसती चहा घेऊन यायची नाही. कुठला नट किती आवळायचा ते तिला पाठ होतं. गाडी चालवायची तिची फार इच्छा होती. नवरा म्हणायचा, "आधी ब्रेक धड होऊ देत. मग पुढचा नंबर तुझा."

ब्रेकचं दुखणं खरंच होतं. गाडी पळायला लागली तशी थांबेनाशी झाली. जुने ब्रेक बाजारात जाऊन यायच्या वेगाचे. तिसऱ्या फेरीला जळकट वास यायचा आणि पेडल पायाखाली खचायला लागायचं. जावईबापूंनी त्या वर्षी थंडीचे तीन महिने ब्रेकला दिले. एका जड मोटारीच्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या मोठ्या डिस्क आणल्या, त्यांवर पकड घेणारे चार-चार पिस्टनचे कॅलिपर आणले. ते मुळात या गाडीचे नाहीत, म्हणून मधे बसवायला दादाने जाड पोलादाच्या पट्ट्या कापून दिल्या आणि जावईबापूंनी त्या दहा दिवस घासल्या.

"पण दादा, नुसता मोठा ब्रेक असून भागत नाही," ते म्हणाले. "ब्रेक म्हणजे वेग खाऊन उष्णता ओकणारा प्राणी. ती उष्णता बाहेर गेली नाही की आतलं तेल उकळतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे. आणि बुडबुडा दाबला तर नुसता दबतो, पुढे जोर देत नाही. मग पेडल थेट जमिनीला."

"म्हणजे वारा पाहिजे."

"वाराच पाहिजे."

"मग ते माझं खातं," दादा म्हणाला. त्याने गाडीच्या नाकात मुठीएवढी दोन भोकं पाडली, त्यांना पत्र्याची तोंडं बसवली आणि तिथून जाड लवचीक पाइप थेट डिस्कच्या पोटापर्यंत नेले. पुढच्या रविवारी जावईबापू लागोपाठ दहा फेऱ्या मारून आले. पेडल पहिल्या फेरीसारखंच ताठ. त्यांनी दादाला मिठी मारली. दादाला कानकोंडं झालं, पण बरंही वाटलं.

ब्रेक झाले तशी दादाला पंखाची हौस सुटली. गाडीच्या ढुंगणावर पालथा पंख लावला की वारा तिला खाली दाबतो, टायर रस्ता सोडत नाहीत. ब्रेक चाकाच्या आत लपतो, पंख चारचौघांत उठून दिसतो. धावपट्टीवर लोक तो पंख बघायला येऊ लागले. "कुठून आणला?" "आणला नाही, केला." हे वाक्य दादाने त्या दिवशी किती वेळा म्हटलं याची वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, नंतर नक्कल करून दाखवली.

पण मागचं बसलं आणि पुढचं उठलं. जोराच्या वळणावर गाडीचं तोंड वळेचना, सरळ जायला बघायचं. पुढेही वारा दाबायला हवा होता. म्हणून दादाने नवीन नाक करायला घेतलं. अॅल्युमिनियमचा एकच सलग पत्रा, पाइपावर लाटून आणलेला बाक आणि खाली रस्त्याला टेकेलशी पुढे आलेली प्लायवूडची फळी. तीन आठवडे त्याने दुसरं काही केलं नाही. पत्र्यावर कुठे हातोडीचा घाव दिसू दिला नाही.

रविवारच्या आदल्या दुपारी नाक गाडीवर चढलं. आता उरली होती ती फक्त वाऱ्याची दोन भोकं. दादाने पेन्सिलीने दोन वर्तुळं आखली, मधोमध फुल्या मारल्या आणि कटर उचलला. तेवढ्यात धाकटी आली. ती गाडीसमोर उकिडवी बसली आणि पत्र्यावरून तळवा फिरवला.

"दादा! कसलं केलंयस हे. आरसा आहे आरसा. याला आता कुणी हात लावायचा नाही हं."

ती तिकडे नवऱ्याला हाका मारत गेली. दादा कटर हातात घेऊन उभा राहिला. मग त्याने तो खाली ठेवला.

त्या वेळी त्याच्या डोक्यात काय आलं ते त्याने पुढे पाच वर्षं आठवून आठवून पाहिलं. वाईट असं काहीच नव्हतं. इतकं गुळगुळीत झालंय, एक रविवार तसंच राहू दे. लोक बघतील, मग पुढच्या महिन्यात कापू. सकाळी गारवा असतो. फळीच्या खालून थोडी हवा येईलच की. त्याने पाइपांची मोकळी तोंडं पत्र्याच्या मागे तारेने बांधून टाकली आणि वर्तुळांवर अंगठा फिरवला. पेन्सिल पूर्ण गेली नाही, पण दोन हातांवरून दिसत नव्हती. आणि ज्याने तीस वर्षं डक्ट बांधले त्याला, फळी सगळा वारा बाजूला फेकते आणि तिच्या मागे हवा मेलेली असते, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी ब्रेकमधली हवा काढायचं काम होतं. ते दोघांचं काम. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून बारीक नळीतून जुनं तेल आणि बुडबुडे बाहेर सोडायचे. पेडलवर धाकटी बसली.

"दाब," जावईबापू चाकामागून म्हणायचे.

"दाबलं."

"धर."

"धरलं."

"सोड."

"लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय," धाकटी म्हणाली आणि सगळे हसले. पुढच्या उजव्या चाकाच्या वेळी तिला शिंक आली आणि तिचा पाय उचलला गेला. नळीतून बुडबुडा उलटा आत गेला. जावईबापूंनी बघितलं. "काही नाही, परत करू," म्हणाले आणि त्या चाकाचं सगळं काम पहिल्यापासून पुन्हा केलं. दोनदा. पेडल दगडासारखं झालं. दादा कंदिलासारखी हातबत्ती धरून तिथेच उभा होता. त्याने स्वतः पाहिलं.

सकाळी धावपट्टीवर जावईबापू हेल्मेट चढवता चढवता गाडीच्या तोंडाशी थबकले.

"दादा, भोकं?"

"खालून घेतली. फळीच्या मागून," दादा म्हणाला. "दिसायला साफ."

"खालून येईल तेवढी हवा?"

"येईल."

"तुम्ही केलंय म्हणजे मी बघायला नको," जावईबापू म्हणाले आणि आत बसले. धाकटी शेजारीच उभी होती, घड्याळ धरून.

नाकाने काम चोख केलं. गाडी वळणावर रुळावरून गेल्यासारखी जात होती. लोक टाळ्या वाजवत होते. त्यामुळे जावईबापू प्रत्येक फेरीला आणखी उशिरा आणि आणखी जोरात ब्रेक मारत होते. आठव्या फेरीला, लांब सरळ पट्टी संपते तिथे, गाडी वळलीच नाही. टायरांच्या भिंतीत घुसली. आवाज फार मोठा झाला नाही. धाकटीच्या हातातलं घड्याळ चालूच राहिलं होतं, ते संध्याकाळपर्यंत कुणी बंद केलं नाही.

पिंजऱ्याने जीव वाचवला. पण चाकं अडकली तशी स्टिअरिंगने उलटा झटका दिला आणि उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं.

दवाखान्यात प्लॅस्टर वाळत असताना जावईबापू, अजून गुंगीतच, म्हणाले, "पेडल एकदम तळाला गेलं. आत हवा राहिली असणार."

"तेल उकळलं नसेल?" धाकटीने विचारलं.

"कसं उकळेल? वारा येत होता ना."

धाकटी हळूच म्हणाली, "मग माझ्या शिंकेचीच हवा."

"असेल," ते डोळे मिटून म्हणाले.

दादा पलंगाच्या पायथ्याशी संत्र्यांची पिशवी घेऊन उभा होता. बोलायचं असतं तर ती वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. पण डॉक्टर आले, मग परिचारिकेने सगळ्यांना बाहेर काढलं आणि बाहेर धाकटी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली की त्याला वाटलं, आत्ता नको, आधी हिला सावरू दे.

दुसऱ्या दिवशी टेंपोने गाडी शेडमध्ये आणून टाकली. डिस्क निळ्या पडल्या होत्या, कॅलिपरचा रंग फोड येऊन सुटला होता. बघणाऱ्याला सगळं स्वच्छ कळत होतं. चेपलेल्या नाकावर, उजेड तिरका पडला की, दोन वर्तुळं आणि दोन फुल्या अजून दिसत होत्या. दादाने रिव्हेट कापले, नाक सोडवलं, त्याचे कातरीने आठ तुकडे केले आणि ते स्वतःच्या हाताने भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवली. गाडीवर ताडपत्री ओढली. घरात येऊन जेवला. त्या जेवणाची त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटायची, कारण भूक नेहमीसारखी लागली होती.

मनगट जुळलं, पण वाकडं. चमचा धरता यायचा, सही करता यायची. केसाएवढं घासणं मात्र गेलं. लॅबने त्यांना काढलं नाही, ठसे घेऊन यायच्या आणि तयार कवळ्या पोचवायच्या कामावर ठेवलं. ज्यांनी ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यालाही विशीतलं हसू दिलं होतं, ते आता डबे घेऊन जिने चढत होते.

जावईबापू वाईट माणूस नव्हते. ते बायकोला कधी टाकून बोलले नाहीत. ते फक्त गंमत करायचे. कुणी पाहुणा हाताकडे बघून विचारायचा, तेव्हा म्हणायचे, "आमच्या हिची एक शिंक. एवढ्याला पडली." पाहुणे हसायचे. पहिली दोन वर्षं धाकटीही हसायची. मग ती त्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी आणायला जाऊ लागली. तिला शिंक आली की ती तोंडावर ओढणी दाबून दुसऱ्या खोलीत जायची. वहिनींनी एकदा ते पाहिलं आणि घरी येऊन दादाला सांगितलं.

"नवऱ्यासमोर शिंकायची चोरी झालीय पोरीला. कुठे माशी शिंकली आणि कुणाच्या माथी आलं."

दादा म्हणाला, "होईल कमी." आणि हातातली कातरी उगाच पुसत बसला.

धाकटी शेडमध्ये परत आली नाही. गाडी चालवण्याचा विषय तिने काढला नाही. दादाला अधूनमधून वाटायचं, सांगावं. दिवाणखान्यात सगळे बसलेले असायचे, चहा चालू असायचा, तोंडापर्यंत यायचं. पण पहिल्या दिवशी जे एका वाक्यात झालं असतं त्याला दुसऱ्या वर्षी दहा वाक्यं लागली असती आणि चौथ्या वर्षी तर आधी गप्प का बसलो तेच सांगावं लागलं असतं. चूक होती तेवढीच राहिली होती, गप्प बसणं मात्र दर वर्षी वाढत होतं.

पाच वर्षांनी दादाने कामातून निवृत्ती घेतली आणि शेड भाड्याने द्यायचं ठरलं. घोरपड विकायची, असं जावईबापूच म्हणाले. गिऱ्हाईक म्हणून बस डेपोतला एक मिस्त्री आला. पन्नाशीचा, जाडजूड, कमी बोलणारा. बसचे ब्रेक करण्यात त्याची हयात गेली होती. त्या सकाळी चौघंही शेडमध्ये होती. धाकटी यायला तयार नव्हती, पण गाडीच्या कागदांवर तिचीही सही हवी होती. ती दारातच उभी राहिली.

ताडपत्री निघाली. मिस्त्रीने चाकाभोवती बोट फिरवलं आणि विचारलं, "कशाने ठोकली?"

जावईबापूंनी सवयीने सुरुवात केली. "ब्रेकमधली हवा काढताना आमच्या हिला आली शिंक..."

मिस्त्रीने गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. हसला नाही. "किती फेऱ्या मारल्या होत्या?"

"आठवी चालू होती."

"साहेब, हवा राहिली असती तर पहिल्याच वळणावर कळलं असतं. आठ फेऱ्या झाल्याच नसत्या." त्याने कॅलिपरवरचा फोडाळलेला रंग नखाने उडवला. "हे जळलंय. आतलं तेल उकळलं. शिंकेचा काय संबंध? वारा कुठून दिला होता याला?"

"खालून, पुढच्या फळीच्या मागून. दादांनी केलं होतं."

मिस्त्री पाठीवर पडून गाडीखाली सरकला. खालून त्याचा आवाज आला. "पाइपांची तोंडं इथे तारेने बांधून ठेवलीत. पुढे फळी होती म्हणता ना? मग इथे हवा येणारच नाही." तो बाहेर आला आणि कपडे झटकत दादाकडे बघून जरा सावरून म्हणाला, "होतं असं. अंदाज चुकतो माणसाचा."

जावईबापूंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी दाराकडे, बायकोकडे पाहिलं आणि मग दादाकडे. "अंदाज चुकला असेल," तेही म्हणाले. "दादा तरी काय करणार? ही गाडीची कामं काही रोजची नाहीत."

वाट आयती मोकळी झाली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. दादाने एकदा वहिनींकडे पाहिलं.

"अंदाज चुकला नव्हता," तो म्हणाला. "मला माहीत होतं. भोकं आखलेली होती. पेन्सिलीने. फुल्यासुद्धा मारल्या होत्या. पत्रा फार चांगला झाला होता, कापवेना. म्हटलं, एक रविवार. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

"आणि दवाखान्यात?" धाकटीने दारातूनच विचारलं.

"तेव्हाही माहीत होतं."

"मी तुझ्या खांद्यावर रडत होते तेव्हा."

"हो."

"तो पत्रा कुठाय, दादा?"

"दुसऱ्या दिवशी तुकडे करून भंगारात दिला."

मिस्त्री केव्हाच बाहेर जाऊन उभा राहिला होता. धाकटी काही ओरडली नाही. तिने फक्त एवढं म्हटलं, "चूक झाली असती तर मी यांच्याआधी माफ केली असती. तू तर आवरून ठेवलंस सगळं." मग ती नवऱ्याला म्हणाली, "चला." आणि निघाली. जावईबापू तिच्यामागे गेले. फाटकापाशी ते तिला काहीतरी सांगू बघत होते आणि ती ऐकत नव्हती. शेवटी त्यांनी डाव्या हाताने तिचा हात धरला आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, हा पन्नाशीला टेकलेला माणूस बायकोची माफी मागत उभा राहिला. दादाने शेडच्या खिडकीतून ते पाहिलं. आपण त्यांच्यात पाच वर्षं काय घालून ठेवलं होतं, ते त्याला त्या वेळी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

वहिनी त्याच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "निदान मला तरी सांगायचंत. मी तुम्हाला ओढत नेलं असतं तिच्याकडे."

"म्हणूनच नाही सांगितलं."

गाडी विकली गेली नाही. दोन आठवड्यांनी टेंपो आला आणि घोरपड घेऊन गेला. धाकटीने डेपोतल्या मिस्त्रीच्याच आवारात एक कोपरा मागून घेतला होता. जावईबापू फोनवर दादाशी बोलायचे, पहिल्यासारखंच, किंबहुना जरा जास्तच सांभाळून. त्यांनी एकदा सांगितलं, "मी कधीच सोडून दिलंय, दादा. खरंच. पण तिचं मी सांगू शकत नाही." धाकटी वहिनींना फोन करायची, त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायची, दादा कसा आहे म्हणून विचारायची आणि ठेवायची. भेटली तर जेवलास का म्हणायची. आधी दादाशी ती कशी भांडायची, चिडवायची, त्याच्या ताटातलं उचलून खायची, ते सगळं थांबलं.

वर्षभराने वहिनींकडूनच कळलं की येत्या रविवारी धाकटी गाडी चालवणार आहे. ब्रेक नवे केले, नाक तिने स्वतः बनवलं.

"मी येऊ का, विचार ना तिला," दादा म्हणाला.

"तुम्हीच विचारा. मी काय तुमची पोस्टमन आहे?"

त्याने फोन लावला. धाकटी म्हणाली, "ये. फक्त गाडीला हात लावू नकोस."

तो गेला. हात पाठीमागे बांधून उभा राहिला. नाक वाकडं झालं होतं. प्लायवूड हाताच्या करवतीने कापलेलं, भोकं दोन वेगवेगळ्या मापांची, कडांना टेप. त्याच्या हाताखाली कुणी असा पत्रा केला असता तर त्याने तो परत करायला लावला असता. पण दोन्ही भोकांतून पार आतपर्यंत उजेड दिसत होता. उजवीकडच्या दोन रिव्हेटांवर मात्र त्याची नजर अडकली. ते आत धड बसले नव्हते. त्याने ओठ आवळले, मग पुढे झाला.

"उजव्या अंगाचे शेवटचे दोन रिव्हेट. जोरात गेलीस की सुटतील."

धाकटी हेल्मेट काखेत धरून वळली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली बसून स्वतः बोटांनी ते रिव्हेट हलवून पाहिले. एकदा नाही, तीनदा. मग मिस्त्रीला हाक मारली. "जरा येता का? हे बघा बरं." मिस्त्रीने बघितलं, मान डोलावली. दोघांनी मिळून ते काढले आणि नवे मारले. दादा पुन्हा मागे, दोरीपाशी, जाऊन उभा राहिला. पूर्वी त्याने सांगितलं की ती मान वर करूनही बघायची नाही, लगेच करून टाकायची.

तिने अकरा फेऱ्या मारल्या. वेळ काही फार चांगली नव्हती. ती वळणाच्या खूप आधी ब्रेक मारत होती आणि प्रत्येक वेळी गाडी थांबत होती. उतरली तेव्हा घामाने निथळत होती आणि हसत होती. नवऱ्याने तिला पाण्याची बाटली दिली, वहिनींनी गालावर हात फिरवला. दादापाशी येऊन ती थांबली.

"बरी चालली," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "ऊन फार आहे. तुम्ही दोघं सावलीत बसा."

दादा आणि वहिनी जाऊन सावलीत बसले.